गिलख्रिस्टचा कुवेतला निरोप

"सही करायला तुमचं काय जातं?"

"काही जात नाही, म्हणूनच करत नाही."

"हे उत्तर नाही झालं, बाबा."

"मग प्रश्न बदल."

"ओके. ही धून कोणी केली?"

"धुनेला ज्याचं नाव आहे, त्याने."

"खोटं. मी गाडीत होते. मागच्या सीटवर. माझ्यासमोर केलीत तुम्ही."

"तू नऊ वर्षांची होतीस आणि निम्मा रस्ता झोपलेली असायचीस."

"आणि उरलेला निम्मा?"

"उरलेला निम्मा टिफिन खायचीस. शाळेत न्यायचा तो."

"विनोद करून विषय बदलू नका. साक्षीदार लहान होता म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. हे मला पहिल्याच वर्षी शिकवलंय."

"बरं, वकीलबाई, आवाज कमी कर. खालचे इजिप्शियन डॉक्टर रात्रपाळी करून झोपलेत."

स्वयंपाकघरातून आईचा, सुहासिनीचा, आवाज आला. "ते मघाशीच बाहेर गेले. तुम्ही भांडा खुशाल. फक्त पाचला येतोय तो बेअर्ड तिखट खातो का, तेवढं आधी कोणीतरी सांगा."



डिसेंबर २००७ मधला शनिवार होता. कुवेतची सुट्टी त्याच वर्षी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आली होती आणि शनिवारी दुपारी घरी बसायची चंद्रहास निफाडकरांना अजून सवय झाली नव्हती. जाब्रियातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये ते सोफ्याच्या कडेवर बसले होते, कुठल्याही क्षणी उठून ड्यूटीला जायचं असल्यासारखे. समोर मुलगी, मुक्ता. पुण्याहून नाताळच्या सुट्टीत आलेली, कायद्याच्या पहिल्या वर्षाला. दोघांच्या मध्ये काचेचं टीपॉय आणि टीपॉयवर एक कागद. त्यावर इंग्रजीत चार रकाने: धुनेचं नाव, रचनाकार, वर्ष, सही.

पहिल्या रकान्यात आधीच टाईप केलेलं होतं: 'ह्यू गिलख्रिस्ट्स फेअरवेल टु कुवेत'. दुसरा रकाना रिकामा होता. भांडण त्या रिकाम्या रकान्याचं होतं.

कुवेतमधली स्कॉटिश मंडळी दर वर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये नाच ठेवत. यंदा त्यांनी एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलं होतं, कुवेतमध्ये राहून गेलेल्यांनी बांधलेल्या फिडलच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या व्हायोलिनच्या, धुनांचं. जुळवाजुळव इवन बेअर्ड करत होता. इंग्रजी शाळेतला संगीताचा मास्तर, स्वतः फिडल वाजवणारा. पुस्तक रविवारी छापायला जाणार होतं. गिलख्रिस्टच्या धुनेवर त्याच्याकडे दोन दावे आले होते. गिलख्रिस्टच्या बायकोने स्कॉटलंडहून लिहिलं होतं की धून तिच्या नवऱ्याची. आणि मुक्ताने पुण्याहून ई-मेल टाकला होता की धून तिच्या बापाची. बापाला न विचारता. बेअर्डने सरळ मार्ग काढला: निफाडकर ज्याचं नाव लिहून सही करतील, ते छापायचं. तो पाच वाजता येणार होता. आता सव्वाचार वाजले होते.

"रिफायनरीतल्या प्रत्येक गेजवर तुमची सही आहे," मुक्ता म्हणाली. "लोखंडाच्या पाइपवर नाव टाकता. स्वतःच्या धुनेवर नको?"

"ती सही वेगळी."

"कशी?"

"गेज चुकीचं दाखवायला लागलं, तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून असते ती. कौतुकासाठी नसते."

हे खरं होतं. निफाडकर मीना अब्दुल्ला या भागातल्या एका रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. दाब, तापमान, पातळी मोजणारी शेकडो यंत्रं खरं बोलतात की नाही हे पाहणं, म्हणजे कॅलिब्रेशन, हे त्यांचं काम. तपासलेल्या प्रत्येक यंत्राला तारेने एक पितळी बिल्ला बांधायचा, त्यावर तारीख आणि आद्याक्षरं: सी. एन. बावीस वर्षांत असे बिल्ले किती बांधले असतील याचा त्यांनी कधी हिशेब केला नाही. घरातही ही सवय होती. फ्रीजमागच्या स्टॅबिलायझरवर, गॅसच्या रेग्युलेटरवर, एकदा तर सुहासिनीच्या ताप मोजायच्या थर्मामीटरच्या डबीवर चिकटपट्टी सापडली: 'तपासले. सी. एन.'

"माझ्यावर नाही ना लावलीत कुठे?" सुहासिनीने तेव्हा विचारलं होतं.

"तुझं कॅलिब्रेशन माझ्या आवाक्यातलं नाही," असं ते म्हणाले होते.

*

ते मूळचे नाशिकचे. पंचवटीत महादेवबुवा नावाचे व्हायोलिन शिकवणारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे चंद्रहास नऊ वर्षं गेले. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं आणि मान खाली. बुवांचे नियम फार नव्हते. एक मात्र कडक होता. कोणाही शिष्याने 'ही मी बसवली' असं म्हणायचं नाही. एकदा एकाने म्हटलं होतं. बुवांनी विचारलं, "सा तुझा का? रे तुझा? मग तुझं काय राहिलं त्यात, घाम?" तो मुलगा पुढे बँकेत लागला, पण ही गोष्ट चंद्रहासच्या डोक्यातून गेली नाही.

कुवेतला ते १९८५ मध्ये आले, व्हायोलिन घेऊन. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी सैन्य शिरलं तेव्हा साल्मियातल्या घराला कुलूप घालून, वर्षाच्या मुक्ताला कडेवर घेऊन बगदाद, अम्मान करत दोघं मुंबईला पोचले. दोन पिशव्या होत्या. व्हायोलिन त्यांत बसत नव्हतं.

१९९२ मध्ये निफाडकर एकटेच परत आले. घरात फ्रीज नव्हता, पंखे नव्हते, भिंतीतले विजेचे बोर्डसुद्धा उपटून नेलेले. व्हायोलिन नव्हतं. फक्त बाथरूमच्या माळ्यावर त्याचा गज, बो, सापडला, कारण त्याचे केस बदलायचे म्हणून तो वेगळा काढून ठेवलेला होता.

तो बो त्यांनी कामावर नेला आणि कॅलिब्रेशनच्या खोलीत खिळ्याला टांगला. जळालेल्या रिफायनरीची दुरुस्ती चालू होती. काळा धूर थांबला होता, पण बोटाने कुठेही पुसलं की काजळी यायची. दुरुस्तीसाठी आलेल्या परदेशी इंजिनिअरांत एक उंच, उन्हाने नाक सोललेला माणूस होता. चष्म्याला दोरी बांधलेली. ॲबर्डीनच्या बाजूचा ह्यू गिलख्रिस्ट.

तो एक दिवस खोलीत आला आणि खिळ्याकडे बघत उभा राहिला.

"हे काय?"

"बो आहे, सर."

"ते दिसतंय मला. बाकीचं कुठे आहे?"

"बगदादमध्ये असेल, सर."

गिलख्रिस्ट हसला नाही. पुढच्या आठवड्यात तो एक काळी पेटी घेऊन आला. "माझ्याकडे दोन आहेत. हे घे. परत द्यायची घाई नाही."

जेवणाच्या सुट्टीत निफाडकरांनी पुठ्ठा अंथरला, खाली बसले, खुंट्या पिळून तारा आपल्या सुरांत उतरवल्या आणि व्हायोलिन पावलावर टेकवलं. गिलख्रिस्ट खुर्चीत बसून सँडविच खात बघत होता.

"तू त्याला वाजवणार आहेस की झोपवणार आहेस?"

"आमच्याकडे असंच धरतात, सर."

"आमच्याकडे असं धरलं तर डॉक्टरला बोलावतात."

मग त्याने स्वतःचं काढलं, हनुवटीखाली धरलं आणि एक संथ धून वाजवली. निफाडकर दोन ओळी ऐकून म्हणाले, "हा दुर्गा आहे."

"कोण दुर्गा?"

"राग आहे. पाच सुरांचा. तुम्ही तोच वाजवताय."

"ही माझ्या आजोबांची धून आहे."

"मग तुमच्या आजोबांना दुर्गा येत होता, सर."

त्या दिवसापासून दर मंगळवारी अर्धा तास. सहा वर्षं. एकाचं खुर्चीत, एकाचं पुठ्ठ्यावर. 'सर' गळून 'ह्यू' व्हायला दोन वर्षं लागली. १९९३ मध्ये सुहासिनी आणि मुक्ता परत आल्या, सुहासिनीला जाब्रियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि बिऱ्हाड तिकडे हललं. एकदा दोघं नवरा-बायको त्या स्कॉटिश नाचालाही जाऊन आले. गुडघ्यापर्यंतचे चौकडीचे घागरे घातलेले पुरुष बघून निफाडकर स्वतःच्या पायांकडे बघत बसले. सुहासिनी मात्र बारकाईने बघत होती. "निऱ्या बघा हो त्यांच्या. एकसारख्या. मला नऊवारीला जमत नाहीत अशा."

तिथेच गिलख्रिस्टने त्यांना त्यांच्याकडची रीत सांगितली. गावातून, नोकरीतून, देशातून कोणी जायला निघालं की त्याच्यासाठी एखादा फिडलवाला धून बांधतो आणि त्याचं नाव धुनेला देतो. अमक्याचा तमक्या गावाला निरोप. कुठल्या डॉक्टरची, कुठल्या होडीची, एका माणसाच्या तर डुकराचीसुद्धा धून आहे. बांधणाऱ्याचं नाव? ते वर उजव्या कोपऱ्यात, बारीक. "धून माणसाला दिलेली असते," गिलख्रिस्ट म्हणाला. "कोपरा बांधणाऱ्याचा."

१९९८ च्या उन्हाळ्यात गिलख्रिस्टचं कंत्राट संपत आल्याचं कळलं. फेब्रुवारीत तो कायमचा जाणार होता. त्याआधी ऑक्टोबरात तो सहा आठवडे रजेवर घरी गेला आणि त्या सहा आठवड्यांत निफाडकरांनी आयुष्यातली एकमेव धून केली. केली, बसवली, जुळवली, जे म्हणायचं ते.

ती गाडीत झाली. मुक्ताला त्या वर्षी जवळच्या शाळेत जागा मिळाली नव्हती, म्हणून ती फहाहीलच्या शाळेत, वडिलांच्या वाटेवर. सकाळी सहा वाजता घरून निघायचं. निफाडकर गुणगुणायचे, मागच्या सीटवरून मुक्ता सरगम म्हणायची. दुर्गा रागातल्या चार ओळी, आठ-आठ मात्रांच्या. डावीकडच्या स्टिअरिंगवर बोटाने ठेका. रात्री घरी आल्यावर ते सरगम कंपनीच्या लॉगबुकच्या मागच्या पानांवर लिहायचे. ते लॉगबुक कुठे गेलं कोणाला माहीत नाही.

जानेवारी १९९९ मध्ये, एका मंगळवारी, ती त्यांनी गिलख्रिस्टला वाजवून दाखवली. त्यांना पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी येत नव्हती. ते वाजवत गेले आणि गिलख्रिस्ट काळ्या शाईने लिहीत गेला. शेवटी त्याने धुनेचं नाव घातलं आणि पेन उजव्या कोपऱ्यात नेला.

"स्पेलिंग सांग तुझं."

"नको, ह्यू."

"नको म्हणजे?"

"नाव नको. सूर माझे नाहीत. ते तुमचं आहे आता, घेऊन जा."

गिलख्रिस्टने पेनला टोपण लावलं. कोपरा तसाच राहिला. जाताना तो ते दुसरं व्हायोलिन परत मागायचं विसरला, किंवा विसरला असं दाखवलं.

*

"महादेवबुवा वारले, बाबा," मुक्ता म्हणत होती. "मी जन्मायच्या आधी वारले. त्यांना आता काही फरक पडत नाही."

"मला पडतो."

"खोटं. तुम्हाला ही धून कोणी वाजवली की मान हलायला लागते तुमची. मला दिसतं. गेल्या वर्षी त्या मुस्तफाच्या सीडीच्या दुकानात स्कॉटिश नाचाची सीडी लावली होती..."

"मिरकाबच्या?"

"हो. 'गिलख्रिस्टची धून' म्हणून लावली त्याने आणि तुम्ही बाहेर जाऊन गाडीत बसलात. अर्धा तास. का?"

स्वयंपाकघरातून कोथिंबीर वडी तळल्याचा वास येत होता. सुहासिनी हात पुसत बाहेर आली, आतल्या खोलीत गेली आणि एक निळसर पाकीट आणून मुक्ताच्या मांडीवर ठेवलं.

"सुहास," निफाडकर म्हणाले.

"दोन वर्षं लपवलंत. मोलकरणीलासुद्धा माहीत आहे ते कुठे असतं. वाच गं."

ते पत्र मॉइरा गिलख्रिस्टचं होतं. २००५ च्या शेवटी ह्यू गेल्यावर निफाडकरांनी पाठवलेल्या सांत्वनाच्या पत्राला आलेलं उत्तर. तिरकं, बारीक अक्षर. मुक्ताने आधी भरभर वाचलं, मग परत सुरुवातीपासून.

मॉइराने लिहिलं होतं की सत्त्याण्णव साली तिच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा ह्यू येऊ शकला नाही. रिफायनरी बंद करून मोठी दुरुस्ती चालू होती. तिने त्याला ते कधी बोलून दाखवलं नाही, पण माफही केलं नव्हतं. मग तो कायमचा घरी आला आणि पहिल्या संध्याकाळी त्याने तिला ही धून वाजवून दाखवली. म्हणाला, तू इथे दवाखान्यात असताना मी तिकडे हे बांधत होतो, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. त्या दिवशी मी त्याला माफ केलं, असं तिने लिहिलं होतं. दफनाच्या वेळी तीच वाजवली. तुम्ही त्याचे मित्र होता, तुम्हाला ती आठवत असेल.

मुक्ताने पत्र घडी करून पाकिटात घातलं. नीट, मूळच्या घडीवर.

"म्हणजे चोरली."

"मी दिली होती."

"तुम्ही धून दिलीत. बांधल्याचं श्रेय नव्हतं दिलं. आणि त्याने बायकोशी खोटं बोलून..."

"बोलला."

"आणि ते चालतं तुम्हाला? गेज एक टक्का चुकलं तर तुम्ही युनिट बंद करायला लावता."

"युनिटमध्ये माणसं असतात."

"आणि इथे?"

"इथे एक बाई आहे. एकाहत्तर वर्षांची. तिच्याकडे नवऱ्याचं तेवढंच आहे."

"आणि तुमच्याकडे?" मुक्ता म्हणाली. "तुम्ही आयुष्यात एकच केलीत. एक. तुमच्याकडे काय आहे, बिल्ले?"

सुहासिनी म्हणाली, "मला विचाराल तर दोघांची नावं लिहा आणि वड्या खा."

"दोघांची लिहिली तरी तिला कळणारच, आई."

"ते आहे," सुहासिनी म्हणाली. तेवढ्यात बेल वाजली.

*

इवन बेअर्ड तिशीतला होता, गोल चेहऱ्याचा, बूट दाराबाहेर काढायचे हे माहीत असलेला. एका हातात फिडलची पेटी, दुसऱ्यात फाइल. त्याने वडी उचलली, चावली, डोळ्यांत पाणी आलं आणि तरी दुसरी घेतली. सुहासिनीला तो तिथेच आवडला.

"मी कोणाची बाजू घेत नाही, मिस्टर निफाडकर," तो म्हणाला. "मॉइराने मला मूळ कागदच पाठवला. तुम्ही बघावा असं वाटलं."

प्लास्टिकच्या पाकिटातला तो कागद त्याने टीपॉयवर ठेवला. मंगळवारचा तोच कागद. काळी शाई, गिलख्रिस्टचे पुढे झुकलेले स्वर. आणि वर उजव्या कोपऱ्यात, बारीक, निळ्या बॉलपेनने: एच. गिलख्रिस्ट.

मुक्ता वाकली. "पेन वेगळं आहे."

"हो," बेअर्ड म्हणाला. "मलाही दिसलं ते."

निफाडकर कागदाकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चेहऱ्यावर काही हललं नाही. गेजचा काटा बघतात तसे ते बघत होते, काटा स्थिर व्हायची वाट बघत.

"तुम्ही स्वतःचं नाव लिहिलंत," बेअर्ड म्हणाला, "तर मॉइराला पत्र मी लिहीन. सांभाळून लिहीन."

"काय लिहाल?"

"जे खरं आहे ते."

"ते सांभाळून कसं लिहितात?"

बेअर्ड ओशाळून पेटी उघडायला लागला. "आधी मी वाजवून दाखवतो, पुस्तकात कशी जातेय ते. किरकोळ दुरुस्त्या केल्यात. ह्यूने लिहिताना एका ठिकाणी मोजण्यात चूक केलीय."

त्याने वाजवलं. हात चांगला होता. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. दुसऱ्या ओळीचा सा संपता संपताच त्याने तिसरीचा वरचा सा उचलला, आणि निफाडकरांचा हात हवेत वर झाला.

"थांबा."

बेअर्ड थांबला.

"इथे दोन मात्रा आहेत."

"तीच तर चूक आहे. दोन ओळींच्या मध्ये काहीच नाही, रिकाम्या दोन मात्रा. ओळ दहाची होते. नाचणाऱ्यांचे पाय अडकतील. मी काढून टाकल्या."

"चूक नाही ती."

"तिथे स्वर नाहीत, मिस्टर निफाडकर."

"स्वर नाहीत. थांबलेलं आहे. काढायचं नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सुहासिनीने चहाचा ट्रे टीपॉयवर न ठेवता हातातच धरून ठेवला. एवढ्या वर्षांत तिने तो आवाज फक्त फोनवर ऐकला होता, कामावर कोणी बिल्ल्याशिवाय गेज बसवलं की.

निफाडकर आत गेले. गिलख्रिस्टचं दुसरं व्हायोलिन घेऊन आले, सतरंजीवर बसले, डोकं पावलावर टेकवलं. चारही ओळी वाजवल्या. दुसरी ओळ खालच्या सा-वर उतरली, बो तारेवरून उचलला गेला आणि दोन मात्रा तसाच अधांतरी राहिला. मग वरचा सा. वाजवताना त्यांची मान किंचित उजवीकडे वर झाली होती, आणि नजरही, भिंतीवर जिथे काही नव्हतं तिथे.

संपल्यावर बेअर्डने त्याचा बो मांडीवर आडवा ठेवला. "मला आता विचारायचीही गरज नाही," तो म्हणाला.

"विचारू नकाच. फॉर्म द्या."

मुक्ता सरळ बसली. निफाडकरांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, रचनाकाराच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: ह्यू गिलख्रिस्ट. वर्ष: १९९७. खाली सही केली. मग बेअर्डच्या छपाईच्या प्रतीवर, तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, गाळलेल्या जागी बाण काढला आणि लिहिलं: 'दोन मात्रा थांबणे. तपासले. सी. एन. १५-१२-०७.'

"नाइन्टी-सेव्हन?" मुक्ता म्हणाली. "बाबा, तारीखसुद्धा?"

"ऑपरेशन सत्त्याण्णवला होतं."

"तुम्ही खोट्यावर सही केलीत."

"हो. चुकलं तर मला धरतील."

बेअर्डने फॉर्म उचलला, परत ठेवला. "एक विचारू? धुनेचा प्रश्न संपला. पण ह्या दोन मात्रा. तुम्ही नाव सोडलंत आणि ह्यांच्यासाठी भांडलात. ह्या तरी ह्यूच्या आहेत का?"

"नाही," निफाडकर म्हणाले. "त्या मी दिल्याच नव्हत्या. माझ्या नाहीतच त्या. मुक्ताच्या आहेत."

"तिथे स्पीडब्रेकर यायचा, म्हणून थांबायचात," मुक्ता म्हणाली. "तुम्हीच सांगायचात. शाळेजवळचा."

"स्पीडब्रेकर शाळेच्या पुढे होता. तुला उतरवल्यावर लागायचा." ते व्हायोलिनची तार बोटाने पुसत होते. "तुला तिसऱ्या ओळीचा सूर सापडायचा नाही. वरचा आहे ना तो. रोज तिथे येऊन अडकायचीस. मी वरच्या आरशात बघायचो, तू डोळे मिटून शोधत असायचीस. मग मिळायचा."

"मला दोन आठवड्यांत यायला लागला होता."

"हो. पण तोवर मला थांबायची सवय झाली होती. ती ओळ मला तशीच यायला लागली."

सुहासिनीने ट्रे ठेवला. कोणी कप उचलला नाही.

बेअर्डने घसा साफ केला. "धुनेखाली दोन ओळींच्या टिपेला जागा आहे. लिहू का? तिसऱ्या ओळीआधीची विश्रांती मुक्ता निफाडकर हिच्यावरून. मॉइराला त्याने काही होणार नाही. ह्यूच्या मित्राची मुलगी, एवढंच."

"तिला विचारा," निफाडकर म्हणाले. मग स्वतःच वळले. "मुक्ता, लिहू देत का त्यांना? पुस्तकात आपल्या घरातलं एक नाव राहील."

मुक्ता फॉर्मकडे बघत होती, दुसऱ्या रकान्यातल्या गिलख्रिस्टच्या नावाकडे.

"मुक्ता?"

ती उठली. हातातली वडीची बशी तिने टीपॉयवर, फॉर्मच्या बाजूला, शाई ओली असेल म्हणून थोडी लांब ठेवली. खुंटीवरची ओढणी घेतली. दाराशी बेअर्डच्या बुटांशेजारी तिच्या चपला होत्या, त्या घातल्या. निफाडकर सतरंजीवरून बघत होते, मान किंचित उजवीकडे, वर.

दार तिने हळू ओढून घेतलं. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला.